छायेची साक्ष

इस्पितळातून घरी परतणाऱ्या माणसाच्या हातात पुष्कळदा एक मोठा चौकोनी लखोटा असतो. घरी पोहोचताच तो लखोटा उघडला जातो, आतील काळी फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरली जाते, आणि घरातील लहानथोर मंडळी तिच्याभोवती जमतात. कोणी म्हणतो, ही बरगडी दिसते. कोणी विचारतो, हा पांढरा डाग कसला? थोडा वेळ अशी चर्चा होते आणि मग घरातील वडीलधारे माणूस ती फिल्म पुन्हा लखोट्यात सरकवून म्हणते, “डॉक्टरांना कळेल.”

‘डॉक्टरांना कळेल’ या दोन शब्दांवर किती मोठा भार आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. डॉक्टरांना तरी ते कसे कळले? छायेतील अमुक डाग म्हणजे अमुक व्याधी, हे पहिल्याने कोणी ठरविले? ते कोणापुढे मांडले? आणि ऐकणाऱ्या जाणत्या माणसांनी ते खरे म्हणून का स्वीकारले? शरीर न उघडता त्याच्या आतील चित्र घेण्याची विद्या आज फार पुढे गेली आहे. क्ष-किरण, ध्वनिलहरी, चुंबकाचे बल अशी नाना साधने तिच्या सेवेला आहेत. परंतु कोणतेही यंत्र कागदावर किंवा पडद्यावर चित्र उमटविते, एवढेच. त्या चित्राचा अर्थ माणसे लावतात. म्हणूनच या विद्येत नवे काही सापडले की, संशोधकाला ते आपल्या व्यवसायबंधूंच्या परिषदेपुढे ठेवावे लागते. परिषद म्हणजे केवळ हारतुरे, चहापान आणि टाळ्या नव्हेत. तेथे छायेची साक्ष काढली जाते, आणि साक्षीदाराची उलटतपासणीही होते.

अशा पहिल्या सभेची तारीख इतिहासात नमूद आहे. जर्मनीतील वुर्झबर्ग येथील प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन यांना 8 नोव्हेंबर 1895 रोजी या अदृश्य किरणांचा प्रथम सुगावा लागला. सात आठवडे त्यांनी जवळजवळ एकांतात प्रयोग केले, आणि 28 डिसेंबर रोजी आपले टिपण स्थानिक भौतिक-वैद्यक मंडळाच्या स्वाधीन केले. छापील टिपण आणि त्यासोबतची छायाचित्रे टपालाने अनेक शास्त्रज्ञांकडे गेली, वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, आणि जितके कौतुक झाले तितक्याच शंकाही उठल्या. छायाचित्रात हातचलाखी करता येते, हे तेव्हाही लोकांना ठाऊक होते.

23 जानेवारी 1896 रोजी संध्याकाळी राँटजेन त्या मंडळाच्या सभेपुढे उभे राहिले. सभागृह खच्चून भरले होते. त्यांनी आपले प्रयोग समजावून सांगितले. आणि मग सभेत बसलेले वृद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन कोलिकर यांना पुढे बोलावून, सर्वांच्या देखत त्यांच्या हाताचे किरणचित्र घेतले. ते चित्र सभेला दाखविताच टाळ्यांचा कडकडाट झाला. कोलिकर यांनी तेथल्या तेथे सुचविले की, या किरणांना राँटजेन यांचेच नाव द्यावे.

या प्रसंगातील खुबी ध्यानात घेण्यासारखी आहे. राँटजेन यांच्यापाशी पूर्वी घेतलेली चित्रे होती. त्यांच्या पत्नीच्या हाताचे अंगठीसह घेतलेले चित्र तर तोवर प्रसिद्धच झाले होते. तेवढी दाखवून त्यांना भागविता आले असते. त्याऐवजी त्यांनी नवे चित्र घेतले, तेही सभेसमोर, आणि ज्याने आयुष्यभर मानवी हाडांचा अभ्यास केला त्याच्याच हाताचे. त्या सभागृहात चित्र खोटे ठरविण्याचा अधिकार सर्वांत जास्त ज्याचा, त्याच्याच हाती त्यांनी पुरावा दिला. या किरणांपासून शरीराला होणारी इजा पुढे कळून आली, आणि आज असा प्रयोग केवळ सभेला दाखविण्यासाठी कोणी करणार नाही. परंतु परीक्षकालाच जवळ बोलावण्याची ती रीत मात्र कायमची आदर्श ठरली.

त्या एका हाताच्या चित्राने हाडांचे दर्शन घडले. तथापि शरीरातील मऊ भाग क्ष-किरणांना जवळजवळ सारखेच भासतात. कवटीचे किरणचित्र घेतले तर कवटी दिसते. तिच्या आतील मेंदू दिसत नाही. मेंदूत गाठ झाल्याचा संशय आला म्हणजे डॉक्टरांपुढे मोठा पेच पडे. अमेरिकन शल्यवैद्य वॉल्टर डँडी यांनी 1918 व 1919 साली एक मार्ग काढला. मेंदूच्या पोकळ्यांतील द्रव काढून तेथे हवा भरावयाची, आणि हवेची छाया पाहून पोकळीचा आकार कोठे बिघडला आहे, यावरून गाठीचा ठाव घ्यावयाचा. युक्ती बुद्धिमान होती, पण रोग्याचे हाल फार होत. असह्य डोकेदुखी आणि ओकाऱ्या यांनी तो दिवसेंदिवस हैराण होई. तरीही जवळपास अर्धशतक ही पद्धत चालू राहिली, कारण दुसरा उपाय फारसा नव्हता.

आता दुसऱ्या एका सभेकडे वळू. तिथे कोणतेही नवे यंत्र आले नव्हते. 1948 साली रेडिऑलॉजिकल सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका या संस्थेच्या चौतिसाव्या अधिवेशनात हेन्री गारलँड यांनी अध्यक्षीय भाषण केले. अध्यक्षाने आपल्या व्यवसायाची थोरवी गावी, अशी सर्वत्र अपेक्षा असते. गारलँड यांनी निराळाच विषय घेतला. क्ष-किरणचित्रे वाचणारे तज्ज्ञ कितपत चुकतात, हा तो विषय होता. त्या सुमारास क्षयरोग शोधण्यासाठी हजारो लोकांच्या छातीची चित्रे घेतली जात असत. तीच चित्रे अनेक अनुभवी तज्ज्ञांना स्वतंत्रपणे वाचावयास दिली असता असे आढळले की, रोगाची खूण असलेल्या चित्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा वाचणाऱ्यांच्या नजरेतून निसटत होता. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, काही काळाने तीच चित्रे त्याच तज्ज्ञाला पुन्हा दिली, तर सुमारे पाचांत एकदा त्याचे मत आपल्याच पहिल्या मताशी जुळत नव्हते.

शिक्षकांना याचे नवल वाटणार नाही. उत्तरपत्रिकांचा एकच गठ्ठा दोन परीक्षकांनी तपासला, किंवा एकानेच सकाळी एकदा आणि रात्री एकदा तपासला, तर गुण तंतोतंत जुळत नाहीत. पण उत्तरपत्रिकेत दोन गुण इकडेतिकडे झाले, तर फार तर मुलाची श्रेणी बदलते. छातीच्या चित्रातील खूण निसटली तर क्षयाचा रोगी निरोगी समजून घरी जातो, आणि घरातील मुलाबाळांनाही तो रोग जडण्याचा धोका राहतो. गारलँड यांनी हे सत्य आपल्याच व्यवसायबंधूंपुढे, आपल्याच व्यासपीठावरून सांगितले. त्यामुळे त्या व्यवसायाची अप्रतिष्ठा झाली नाही. उलट, एकच चित्र दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे, वाचणाऱ्याला रोग्याची हकीकत आधी सांगू नये, चुका मोजाव्यात, ही शिस्त हळूहळू अंगवळणी पडत गेली. पुढील काळात परिषदेपुढे येणाऱ्या प्रत्येक निबंधाला ‘चित्र कोणी वाचले आणि कसे वाचले?’ या प्रश्नाला तोंड देणे भाग पडले.

मेंदूचा प्रश्न मात्र तसाच होता. तो सोडविण्याचा गणिती मार्ग एका माणसाला सापडला होता, पण त्याचे म्हणणे ऐकावयास कोणी नव्हते. दक्षिण आफ्रिकेत केपटाउन विद्यापीठात ॲलन कॉरमॅक हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. 1956 साली तेथील ग्रूट शूर इस्पितळात त्यांना काही महिने अर्धवेळ काम करावे लागले. तेथे त्यांच्या मनात असा प्रश्न आला की, शरीरातून निरनिराळ्या दिशांनी किरण आरपार सोडले आणि प्रत्येक वेळी किती किरण वाटेत शोषले गेले हे मोजले, तर त्या आकड्यांवरून आतील भागाचा नकाशा तयार करता येईल काय?

हा प्रश्न शाळेतल्या फळ्यावरही समजावून सांगता येतो. चार घरांचा एक चौकोन काढावा आणि प्रत्येक घरात एकेक अंक लपवावा. मुलांना अंक सांगावयाचे नाहीत, फक्त बेरजा सांगावयाच्या. वरच्या ओळीची बेरीज 5, खालच्या ओळीची 9. डाव्या रकान्याची 6, उजव्या रकान्याची 8. एवढ्यावरून लपलेले अंक ठरत नाहीत, कारण या बेरजा जुळविणाऱ्या जोडण्या एकाहून अधिक निघतात. पण वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे तिरपी बेरीज घेतली आणि ती 7 आहे असे सांगितले की, उत्तर एकच उरते: वर 2 व 3, खाली 4 व 5. क्ष-किरणाची प्रत्येक रेषा अशीच एक बेरीज सांगते. वाटेतील सर्व भागांनी मिळून किती किरण अडविले ते सांगते. साधे क्ष-किरणचित्र म्हणजे एकाच दिशेच्या बेरजा. अनेक दिशांच्या बेरजा घेतल्या तर प्रत्येक घरातील अंक, म्हणजे शरीराच्या प्रत्येक कणाची घनता, हाती येते.

या कोड्याचे शुद्ध गणित ऑस्ट्रियन गणिती योहान रॅडॉन यांनी 1917 सालीच मांडून ठेवले होते. कॉरमॅक यांना त्याची वार्ता नव्हती. त्यांनी स्वतःच्या बुद्धीने मार्ग काढला, ॲल्युमिनियम आणि लाकूड यांच्या नमुन्यांवर तो पडताळून पाहिला, आणि 1963 व 1964 साली दोन निबंध पदार्थविज्ञानाच्या एका नियतकालिकात छापले. त्यांना जवळजवळ काहीच प्रतिसाद मिळाला नाही. निबंधाची प्रत मागणाऱ्यांमध्ये त्यांना सर्वांत मनोरंजक वाटले ते स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणारे केंद्र! डोंगरावरील बर्फाचा थर जोखण्यास ही युक्ती चालेल की काय, असे त्या मंडळींना वाटले असावे. निबंध खरा होता, गणित बिनचूक होते. पण ज्या डॉक्टरांना रोज मेंदूत हवा भरावी लागत होती, त्यांच्या नजरेस तो पडलाच नाही. ज्ञान छापले म्हणजे पोहोचले असे होत नाही, ते असे.

इंग्लंडमध्ये याच कोड्याला गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचा एक अभियंता भिडला. नॉटिंगहॅमशायरमधील शेतावर त्यांचे बालपण गेले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. युद्धकाळात विमानदळात त्यांनी रडारचे शिक्षण घेतले व दिले, आणि पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ईएमआय कंपनीत संगणक बनविण्याचे काम केले. 1967 साली त्यांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. पहिले यंत्र जुन्या लेथच्या सांगाड्यावर जुळविलेले होते. किरणांचा उगम इतका मंद होता की, एका चित्रासाठी सुमारे 28,000 मोजमापे घेण्यास नऊ दिवस लागले, आणि त्यांचा हिशेब करण्यास संगणकाला अडीच तास.

यानंतर जे घडले ते प्रत्येक संशोधकाने ध्यानात ठेवावे असे आहे. हाउन्सफील्ड यांनी संग्रहालयात जतन केलेल्या मानवी मेंदूचे चित्र घेतले. चित्र सुरेख आले. मेंदूतील करडा भाग आणि पांढरा भाग वेगवेगळे स्पष्ट दिसले. असे चित्र घेऊन एखादा उतावळा माणूस त्याच आठवड्यात सभा बोलावता. हाउन्सफील्ड यांनी अधिक तपास केला आणि त्यांना कळून चुकले की, मेंदू ज्या फॉर्मेलिनमध्ये ठेवला होता त्यानेच तो फरक वाढवून दाखविला होता. म्हणजे चित्रातील स्पष्टपणा मेंदूचा कमी आणि औषधी द्रावणाचा अधिक होता! मग खाटिकखान्यातून बैलांचे ताजे मेंदू आणून सारा प्रयोग पुन्हा करण्यात आला. या वेळी फरक फिकट दिसला, पण तो खरा होता. पुढे 1979 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात हाउन्सफील्ड यांनी ही निराशेची हकीकत स्वतःच सांगितली.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ले इस्पितळात पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. मेंदूच्या पुढील भागात गाठ असल्याचा संशय असलेली ती एक स्त्री होती. यंत्र तिच्या डोक्याभोवती एकेक अंशाने फिरत होते. 180 दिशा आणि प्रत्येक दिशेने 160 मोजमापे, असा तो हिशेब होता. मोजमापे चुंबकीय फितीवर उतरवून घेतली आणि ती फीत इस्पितळाबाहेरील संगणकाकडे धाडली. जे चित्र परत आले त्यात अवघी 80 गुणिले 80, म्हणजे 6,400 चौकोनी घरे होती. आजच्या मानाने ते जाडेभरडेच म्हणावयाचे. परंतु त्यात गाठीचा गोल काळा डाग स्वच्छ दिसत होता, आणि शस्त्रक्रियेत ती गाठ चित्राने दाखविली तेथेच सापडली. हवा भरावी लागली नाही, सुई टोचावी लागली नाही, वेदना झाल्या नाहीत.

त्यानंतर आणखी काही रुग्णांची चित्रे घेण्यात आली, आणि मगच 20 एप्रिल 1972 रोजी हाउन्सफील्ड आणि त्या इस्पितळातील डॉक्टर जेम्स ॲम्ब्रोझ यांनी लंडन येथे ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ रेडिऑलॉजीच्या वार्षिक परिषदेत आपले काम मांडले. एक अभियंता, एक डॉक्टर, अशी ती जोडी होती. यंत्राविषयी शंका निघाली तर तिचे उत्तर देणारा तेथे होता, रुग्णाविषयी निघाली तर त्याचेही उत्तर देणारा होता. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी मेंदूतील हवेची छाया पाहण्यात आपले आयुष्य घालविले होते, आणि त्यापायी रोग्यांनी सोसलेले हाल जवळून पाहिले होते. पडद्यावर काय दिसत आहे, हे त्यांना कोणी फोड करून सांगण्याची गरज नव्हती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ॲम्ब्रोझ यांनी हे काम अमेरिकेत शिकागो येथील परिषदेपुढे ठेवले. सविस्तर निबंध दोन भागांत छापून आला तो डिसेंबर 1973 मध्ये. यंत्राविषयीचा भाग हाउन्सफील्ड यांचा आणि रुग्णांविषयीचा ॲम्ब्रोझ यांचा. मात्र निबंध छापून येईपर्यंत यंत्राची कीर्ती समुद्रापलीकडे गेली होती. आज ज्याला आपण ‘सीटी स्कॅन’ म्हणतो तो हाच. 1979 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना विभागून मिळाले. चित्र जुळविण्याच्या गणितात भारतीयांचाही वाटा आहे. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी 1971 साली सुचविलेली सुटसुटीत रीत पुढील यंत्रांना फार उपयोगी पडली, आणि त्यातील एका गणिती चाळणीला आजही या दोघांच्या नावांवरून ‘राम-लॅक’ म्हणतात.

येथवर सत्य कसे स्वीकारले गेले ते पाहिले. परंतु परिषदेचे दुसरेही एक काम असते, आणि ते म्हणजे भ्रमाला वेळीच अडविणे. याचे एक उदाहरण विनोदी आहे, तरी त्यातील बोध गंभीर आहे. चुंबकीय यंत्राच्या साहाय्याने आता मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपता येतात, आणि माणूस विचार करीत असताना मेंदूचा कोणता भाग कार्यरत आहे ते रंगीत ठिपक्यांनी दाखविता येते. अशी चित्रे वर्तमानपत्रांतही झळकतात. 2009 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे मेंदूच्या नकाशांविषयीची परिषद भरली असता, क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक भित्तिपत्र मांडले. त्यांनी बाजारातून आणलेला सामन जातीचा एक मासा यंत्रात ठेवला होता. मासा मेलेला होता. त्याला माणसांची छायाचित्रे दाखविण्यात आली, आणि चित्रातील माणसाच्या मनात कोणती भावना असेल ते ओळखावे, असा प्रश्नही रीतसर विचारण्यात आला. हिशेब केला तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूत रंगीत ठिपके उमटले!

मासा विचार करीत होता काय? मुळीच नाही. यंत्र चित्राचे हजारो बारीक घन तुकडे पाडते, आणि प्रत्येक तुकड्याची निरनिराळी परीक्षा घेते. हजार मुलांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवावयास सांगितले, तर एखाद्याला दहाही वेळा छापा पडण्याचा पुष्कळ संभव असतो. त्या मुलाला पुढे उभे करून ‘याच्या हाताला सिद्धी आहे’ असे म्हणणे जितके शहाणपणाचे, तितकेच हजारो परीक्षांतून योगायोगाने उमटलेल्या ठिपक्याला विचार म्हणणे. अनेक परीक्षा एकदम घेतल्या तर योगायोगासाठी हिशेबात दुरुस्ती करावी लागते. ती दुरुस्ती करताच माशाच्या मेंदूतील सगळे ठिपके नाहीसे झाले. ही दुरुस्ती गणितज्ञांना नवी नव्हती. तथापि पुष्कळ निबंध तिच्यावाचून छापले जात होते. परिषदेतील मंडळी त्या भित्तिपत्रापुढे हसली असतील, आणि हसता हसता पुष्कळांना आपापल्या निबंधांची आठवणही झाली असेल. या कामाला 2012 साली, आधी हसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनासाठी असलेले ‘इग्नोबेल’ पारितोषिक मिळाले.

श्रोतेहो, या चार सभा नजरेसमोर ठेवल्या म्हणजे परिषदेत निबंध मांडणाऱ्याकडून काय अपेक्षा असते, हे सहज ध्यानात येते. परिषदेच्या काही महिने आधी त्याला आपल्या कामाचा थोडक्यात गोषवारा पाठवावा लागतो, आणि परीक्षक तो पारखतात. निवड झाली तर कोणाला काही मिनिटांचे भाषण मिळते, कोणाला भित्तिपत्र लावून त्यापाशी उभे राहावयाचे असते. वेळ थोडा असतो, म्हणून सर्वांत सुंदर चित्र दाखवून टाळ्या मिळविण्याचा मोह होतो. जाणता श्रोता मात्र विचारतो: तुम्ही किती रुग्ण पाहिले, आणि कोणाला वगळले? चित्र वाचणाऱ्याला रोगाचे नाव आधी ठाऊक होते काय? चित्राचा निर्णय खरा की खोटा, हे शेवटी कशावरून ठरविले, शस्त्रक्रियेवरून की नुसत्या अंदाजावरून? आजारी माणसांपैकी किती जण निसटले, आणि धडधाकट माणसांपैकी किती जणांना तुम्ही उगाच आजारी ठरविले?

चित्राच्या उजेडअंधाराचाही हिशेब द्यावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये पाण्याला शून्य आणि हवेला उणे 1000 असा आकडा देतात. हाडांचे आकडे शेकड्यांत आणि त्यापुढेही जातात. एवढ्या सगळ्या पायऱ्या डोळ्याला करड्या रंगाच्या छटांत ओळखता येत नाहीत. म्हणून त्यांतील हव्या तेवढ्याच पायऱ्या निवडून चित्र दाखवितात. फुप्फुसासाठी एक निवड, हाडासाठी दुसरी, मेंदूसाठी तिसरी. मोजमापे तीच असली तरी निवड बदलली की चित्र बदलते. एखादा डाग उठून दिसावा अशीच निवड कोणी केली असेल, तर त्याने ती सांगितली पाहिजे. न सांगता दाखविलेले चित्र खोटे नसले, तरी ते पुरते खरेही नसते. सच्चा संशोधक फसलेली चित्रेही सोबत आणतो, कारण यंत्र कोठे फसते हे कळल्यावाचून ते कोठे भरवशाचे आहे, हेही कळत नाही.

शुभवर्तमानातील थोमा खिळ्यांच्या खुणांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवावयास तयार नव्हता. श्रद्धेच्या प्रांतात त्याची गणना मागे राहिलेल्यांत होते. परंतु परिषदेच्या सभागृहात प्रत्येक श्रोत्याने थोडा वेळ थोमा झालेच पाहिजे. त्याची शंका हा व्यासपीठावरील माणसाचा अपमान नसतो. सभेत नसलेल्या एका तिसऱ्या माणसासाठी घेतलेली ती काळजी असते.

तो तिसरा माणूस म्हणजे ज्याचे चित्र पडद्यावर लावले आहे तो. सभेला तो हजर नसतो. पडद्यावरील चित्रातून त्याचे नाव, गाव, इस्पितळातील क्रमांक पुसलेले असतात, आणि ते पुसलेले असलेच पाहिजेत, कारण आपल्या शरीराच्या आतला भाग अनोळखी लोकांनी पाहावा, एवढा मोठा विश्वास त्याने टाकलेला असतो. 1971 च्या ऑक्टोबरात विंबल्डनच्या इस्पितळात डोके स्थिर ठेवून पडून राहिलेल्या त्या स्त्रीमुळे पुढे लक्षावधी रोग्यांच्या मेंदूत हवा भरावी लागली नाही. नव्या पद्धतीचा निबंध मांडला जातो, तेव्हा अशाच कोणाची तरी व्यथा पणाला लागलेली असते. निबंध घाईने खरा मानला तर उद्या एखाद्या निरोगी माणसावर शस्त्र चालते. हट्टाने खोटा मानला तर एखाद्या रोग्याची वेदना आणखी काही वर्षे लांबते.

घरी खिडकीच्या उजेडाकडे धरलेल्या त्या काळ्या फिल्ममागे इतक्या माणसांनी इतक्या सभांतून विचारलेले प्रश्न उभे आहेत. ती फिल्म लखोट्यात ठेवून वडीलधारे माणूस ‘डॉक्टरांना कळेल’ असे म्हणते तेव्हा ते चुकत नाही. फक्त ते कळणे एका डॉक्टराचे नसते. ते अनेकांनी एकमेकांना खोदखोदून विचारून मिळविलेले असते, आणि विचारणे जोवर चालू आहे तोवरच त्यावर भरवसा ठेवता येतो.